कोळशाची खुली खाण, ओबीचे डोंगर आणि त्या मातीची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, राजुरा, घुग्घुस, वणी, माजरी, उमरेड या पट्ट्यात राहणाऱ्याला ओबीचा डोंगर म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, बऱ्याच गावांत तो अंगणातूनच दिसतो. पण त्याच्या पोटात काय आहे, त्याच्यावर कधी काही उगवेल का, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स, इथली सरकारी कोळसा कंपनी) बोर्डावर लिहिलेलं 'पुनर्वसित क्षेत्र' म्हणजे नक्की काय, हे प्रश्न लोक फिरून फिरून विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकतोय. उदाहरणं मुख्यतः वर्धा खोऱ्याची आहेत, कारण आपल्याकडचा बराचसा कोळसा तिथला.

ओबी म्हणजे नेमकं काय?

ओव्हरबर्डन. कोळशापर्यंत पोचायला वरचं जे जे काढावं लागतं ते सगळं. लोक त्याला सरसकट माती म्हणतात पण त्यात माती फारच थोडी असते, बाकी फोडलेला दगड. आपल्याकडे वरून खाली उतरत गेलं तर आधी काळी माती, मग चुनखडे असलेली पिवळट माती, कुठे नदीचा गाळ-वाळू, मग पुष्कळ ठिकाणी कामठी थराचा लाल-पिवळा ठिसूळ वालुकाश्म, आणि त्याच्याखाली बराकर थर, म्हणजे राखाडी वालुकाश्म, शेल (चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा दगड) आणि त्यात कोळसा. कोळशाला अगदी चिकटून जो काळपट शेल असतो ना, त्याच्याकडे लक्ष ठेवा, पुढे त्याचंच नाव सारखं येणार आहे.

खुल्या खाणीत काम कसं चालतं, थोडक्यात?

झाडं काढायची, वरची माती खरवडून वेगळी ठेवायची (ठेवायची असते, असं म्हणू), मग ड्रिल मशीनने भोकं पाडून ब्लास्टिंग, शॉवेल किंवा पोकलेनने उचलून डंपरमध्ये, डंपर हॉल रोडने डंपवर. पायऱ्या पायऱ्या करत, म्हणजे बेंच पाडत खाली जायचं. सुरुवातीचा खड्डा उघडताना निघालेली ओबी टाकायला आत जागा नसते म्हणून ती बाहेर, शेजारच्या जमिनीवर जाते, तो बाहेरचा डंप. खाण पुढे सरकली आणि मागे कोळसा काढलेली जागा मोकळी झाली की ओबी तिथेच टाकतात, तो आतला डंप किंवा बॅकफिलिंग. गावाच्या बाजूला दिसणारा डोंगर बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा.

एक टन कोळशामागे किती ओबी निघते? आणि सगळी परत खड्ड्यात का टाकत नाहीत?

त्याला स्ट्रिपिंग रेशो म्हणतात, टनामागे किती घनमीटर ते. खाणीगणिक वेगळा असतो, आणि खाण खोल जाईल तसा वाढत जातो. समजा ४ आहे. एक टन कोळशाने जागा अडवली होती साधारण ०.६५ घनमीटर, ओबीने ४, म्हणजे खड्डा झाला ४.६५ चा. पण फोडलेला दगड फुगतो, वीस-पंचवीस टक्के तरी, म्हणजे ४ चे झाले ५. कागदावर तर खड्डा भरून वर थोडं उरायला हवं! तरी शेवटी मोठा खड्डा राहतोच, कारण पहिली सगळी ओबी बाहेर जाऊन बसलेली असते आणि ती पुन्हा उचलून आणायची म्हणजे त्याच मालाला दुसऱ्यांदा डिझेल जाळायचं, ते सहसा कोणी करत नाही, प्लॅनमध्येच 'अंतिम खड्डा, पाणीसाठा' असं लिहून मोकळे होतात. म्हणून जनसुनावणीत बाहेरचा डंप किती हेक्टर आणि किती उंच हे विचारायचं असतं, झाडं किती लावणार हे नंतर.

डंपवर नीट काही उगवत का नाही? दगड आहे म्हणून?

दगड हे एक कारण. मोठं कारण म्हणजे क्रम उलटतो. निसर्गात सुपीक माती वर आणि कोळशाजवळचा शेल शंभर फूट खाली. खाणीत वरचं आधी निघतं, आधी टाकलं जातं, म्हणून तळाशी दबतं, आणि सगळ्यात खालचा थर सगळ्यात शेवटी येऊन डोक्यावर बसतो. कोट्यवधी वर्षं हवा न बघितलेला दगड एकदम आपल्या उन्हा-पावसात. त्यात सेंद्रिय पदार्थ नाही, जिवाणू नाहीत, नत्र जवळजवळ शून्य, वाळूचा भाग असेल तर पाणी थांबत नाही आणि शेल असेल तर वर पापुद्रा धरून पाणी आत जात नाही. वरून डंपर-डोझरने दाबून टाकलेलं. चंद्रपूरचा मे महिना, ४५ च्या वर पारा, काळा उघडा उतार. रोप बिचारं काय करेल.

तपासणी कधी करायची असते? डंप तयार झाल्यावर ना?

नाही, आणि खरी गोम इथेच आहे. डंप झाल्यावर केलेली तपासणी म्हणजे पोस्टमॉर्टेम. कोळसा शोधायला खाणीच्या आधी बोअर मारलेलेच असतात, त्यांच्या कोअर पेटीत (बोअरमधून निघालेल्या दगडाच्या दांड्यांची पेटी) वरपासून खालपर्यंतचा दगड थराथराने ठेवलेला असतो, तेव्हाच प्रत्येक थराची रासायनिक तपासणी केली तर आधीच कळतं की अमुक मीटरवरचा शेल त्रास देणार, तो आतल्या डंपच्या तळाशी टाकायचा, अमुक वालुकाश्म निरुपद्रवी आहे, तो वर ठेवला तरी चालेल. एवढ्या माहितीवर डंपरला कुठे रिकामा व्हायचं ते सांगता येतं. एकदा सगळं मिसळून ऐंशी मीटरचा ढीग झाला की मग रिपोर्टमध्ये काहीही येवो, तुम्ही वरवर खत टाकणार, दुसरं काय करणार.

दुसरी वेळ म्हणजे चालू खाणीत दर काही महिन्यांनी बेंचवरून. तिसरी, डंपचा उतार फायनल झाल्यावर, लागवडीच्या आधी. आणि चौथी, लागवडीनंतर तिसऱ्या-पाचव्या वर्षी, जी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते.

नमुना कसा घ्यायचा?

शेताचा नमुना घेताना आपण वावरात नागमोडी फिरून पंधरा-वीस जागची माती एकत्र करतो, अर्धा किलो पिशवीत भरतो आणि झालं. डंपवर ही पद्धत तशीच लावली की घोटाळा होतो, कारण डंप एकसारखा नसतोच. एका डंपरने वालुकाश्म टाकला, शेजारच्याने शेल, दोन मीटरवर वेगळी दुनिया. म्हणून आधी डोळ्यांनी डंपचे भाग पाडा, रंगाने, दगडाच्या जातीने, किती जुना आहे त्यावरून, माथा-उतार-पायथा यावरून. प्रत्येक भागाचा वेगळा एकत्रित नमुना. पायथ्याला बारीक गाळ वाहून आलेला असतो, तिथला नमुना कायम चांगला येतो, आणि रस्त्याने चढायला सोपं म्हणून नमुने बरेचदा तिथलेच असतात, हे सांगून ठेवतो. खोली पण लिहा. वरचे १५ सेंटीमीटर आणि मग त्याखालचं, किमान मीटरभर खड्डा खणून. झाडाचं मूळ दोन वर्षांत तिथे पोचणार असतं.

वजन पण जास्त घ्यावं लागतं, चार-पाच किलो तरी, कारण निम्म्याच्या वर दगड निघू शकतो. आणि तो दगड फेकू नका, वजन करा. का ते खाली येतंच आहे.

लॅबमध्ये कोणत्या टेस्ट सांगायच्या?

भौतिक बाजूला : २ मिलीमीटरच्या वरचे खडे किती टक्के, वाळू-पोयटा-चिकणमाती प्रमाण, पाणी धरून ठेवायची क्षमता, बल्क डेन्सिटी (माल किती घट्ट बसलाय त्याचं माप). बल्क डेन्सिटी कोअरने घ्यायला गेलात तर दगडात कोअर शिरत नाही, तिथे छोटा खड्डा खणून निघालेला माल वाळवून तोलायचा आणि खड्ड्याचं आकारमान प्लास्टिक अंथरून पाणी ओतून मोजायचं, कटकट आहे पण खरा आकडा तोच. घनसेंटीमीटरला १.८ ग्रॅमच्या पुढे गेलं की मुळांना आत जाणं कठीण.

रासायनिक बाजूला पीएच, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र-स्फुरद-पालाश, कॅटायन (कॅल्शियम, पोटॅशियम असे धनभारित कण) धरायची क्षमता, सोडियमचं प्रमाण, डीटीपीए या रसायनाने काढलेले जस्त-लोह-तांबं-मँगनीज, आणि जड धातू. स्फुरद कोणत्या पद्धतीने काढला ते बघा, आम्ल मालाला ब्रे आणि बाकीला ओल्सेन, उलटं केलं तर आकडा निरर्थक. याशिवाय गंधक आणि आम्ल-क्षार हिशोब, जो साध्या माती परीक्षण केंद्रात होत नाही, वेगळा सांगावा लागतो.

रिपोर्ट हातात आला. वाचायचा कसा?

सगळ्यात आधी सेंद्रिय कर्ब बघा आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हे मुद्दाम जोरात सांगतोय. आपल्या मृद पत्रिकेत ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.७५ च्या वर जास्त, अशी वर्गवारी असते. ओबीचा रिपोर्ट येतो दीड, दोन, कधी तीन टक्के आणि लोक खूश, 'अरे ही तर काळ्या मातीपेक्षा भारी'. ती माती भारी नसते, त्यात कोळशाची भुकटी असते. वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेट टाकून कर्ब जाळतात, त्यात कोळशाचा पण बराच भाग जळतो आणि आकड्यात जमा होतो. कोळशाचा कर्ब झाडाला काही देत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे शेजारचा नत्राचा आकडा. कर्ब दोन टक्के आणि उपलब्ध नत्र हेक्टरी ८०-९० किलो, म्हणजे कर्ब कोळशाचा. (२८० च्या खाली नत्र कमी धरतात, म्हणजे ८० काय ते समजा.) नमुन्यात काळे चकचकीत कण भिंगाने सुद्धा दिसतात.

दुसरी गोष्ट ती दगडाची. लॅब नमुना २ मिलीमीटर चाळणीतून गाळते आणि जे खाली पडलं त्याचीच टेस्ट करते. शेतात चालतं, शेतात खडे कमी. ओबीत ६० टक्के खडे असतील तर रिपोर्टमधला हेक्टरी १२ किलो स्फुरद प्रत्यक्षात पाचच्या आसपास, कारण हेक्टरी हिशोब सगळी जमीन बारीक माती आहे असं धरून केलेला असतो. पाणी धरायच्या क्षमतेचं पण तेच. म्हणून खड्यांची टक्केवारी नसलेला ओबी रिपोर्ट अर्धवट समजायचा.

पीएच साधारण ६.५ ते ८ असेल तर ठीक. ईसी १ च्या आत असेल तर बी रुजायला अडचण नाही, २ च्या पुढे काळजी, ४ च्या पुढे बहुतेक पिकांना अपाय. सोडियम देवाणघेवाणीच्या १५ टक्क्यांच्या वर गेला तर पावसात पापुद्रा धरणार आणि उतारावर घळी पडणार, तिथे जिप्सम लागतं.

आम्ल-क्षार हिशोब म्हणजे काय? आपल्याकडे लागतो का?

कोळशाजवळच्या शेलमध्ये पायराइट असतं, लोखंड आणि गंधक. खाली बंद होतं तोवर काही नाही, वर येऊन हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक ॲसिड तयार व्हायला लागतं. दगडात चुना असेल तर तो ॲसिड खाऊन टाकतो. कोण जास्त आहे, गंधक की चुना, एवढाच हा हिशोब.

गंधकाची टक्केवारी गुणिले ३१.२५, म्हणजे एक टन मालाचं ॲसिड मारायला किती किलो कॅल्शियम कार्बोनेट लागेल. समजा शेलमध्ये ०.८ टक्के गंधक, तर २५ किलो. त्याच शेलची ॲसिड मारायची स्वतःची ताकद लॅबने काढली १० किलो. १० वजा २५, उणे १५. उणे २० च्या खाली गेलं तर ॲसिड होणार असं धरतात, अधिक २० च्या वर असेल तर निर्धास्त, आणि मधलं सगळं धूसर, तिथे पुढची टेस्ट करावी लागते, हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून मुद्दाम सगळं पायराइट जाळायचं आणि शेवटी पीएच ४.५ च्या खाली गेला का ते बघायचं. अजून एक, एकूण गंधकावर हिशोब केला तर कोळशातला सेंद्रिय गंधक पण त्यात येतो, जो ॲसिड करत नाही, म्हणून पायराइटचा गंधक वेगळा मागा.

आपल्याकडे लागतो का, तर आसामच्या मार्गेरिटा भागाइतकी भीती नाही, तिथल्या कोळशातच गंधक भरपूर. गोंडवाना कोळशात गंधक बहुधा एक टक्क्याच्या आत, आणि वर आपल्या काळ्या मातीत चुनखडे आहेत. पण डंपमध्ये चुना एका टोकाला आणि शेल दुसऱ्या टोकाला पडला असेल तर सरासरीला काय अर्थ? आणि ताज्या शेलचा पीएच ७ आला म्हणून सोडून देऊ नका, पायराइटला वेळ लागतो, एक-दोन पावसाळ्यांनी तोच पीएच ४ वर येऊ शकतो.

लॅबशिवाय स्वतः काही बघता येतं का?

येतं की. शेलचा मुठीएवढा तुकडा काचेच्या बरणीत पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. सकाळी त्याचा चिखल झाला असेल तर तो शेल डंपवर पण तसाच विरघळणार, पापुद्रा, घळी, घसरण सगळं आलं. वालुकाश्म तसाच बसून राहतो. दगडावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे चार थेंब टाका (हातमोजे घालून, पोरांना लांब ठेवून), फसफसलं तर चुना आहे. डंपच्या पायथ्याला झिरपणाऱ्या पाण्याजवळ गंजासारखा नारिंगी थर किंवा दगडावर पिवळी-पांढरी पावडर दिसली, गंधकाचा वास आला, तर पीएचच्या पट्ट्या घेऊन जा आणि फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुरावा नव्हे, पण तपासणी मागायला आधार होतो.

वरची काळी माती खरंच वेगळी ठेवतात का?

पर्यावरण मंजुरीच्या अटीत असतं, ठेवायलाच हवी. ठेवतात पण, काही ठिकाणी चांगली ठेवतात. अडचण अशी की ती पाच-सात वर्षं उंच ढिगात पडून राहिली तर आतले जिवाणू, गांडुळं, बियाणं सगळं संपतं, उरते नुसती काळी चिकणमाती. ढीग ठेंगणा, चार-पाच मीटरच्या आत, त्यावर ताग-ढैंचा किंवा गवत पेरलेलं, आणि शक्यतो ढीग न करता एकीकडून खरवडली की दुसरीकडे तयार उतारावर थेट पसरली तर सगळ्यात उत्तम. काळी माती नुसती गुळगुळीत उतारावर पसरू पण नका, पहिल्याच पावसात खाली येते. आधी उतार खरबरीत करायचा, समपातळीत चर काढायचे, काथ्याची जाळी घालायची.

डंप घसरतो का? आमचं गाव पायथ्याशी आहे.

घसरू शकतो. कोळसा खाण नियमावलीप्रमाणे डंपचा उतार ३७.५ अंशांच्या वर नको, ३० मीटरपेक्षा उंच डंपला ३०-३० मीटरच्या आत बेंच हवेत आणि एकूण उतार दीड आडव्याला एक उभा, त्याहून खडा नको. पर्यावरण मंजुरीत अंतिम उतार साधारण २८ अंश मागतात, कारण त्याहून खड्या उतारावर माती टिकत नाही. झारखंडमध्ये गोड्डा जिल्ह्यातल्या राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ ला डंप कोसळून २३ कामगार गेले, तेव्हापासून या आकड्यांकडे जरा गंभीरपणे बघतात.

वर्धा खोऱ्याची खास भानगड म्हणजे डंपखालची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, तिची ताकद जाते, आणि वरचा लाखो टनांचा डोंगर ओल्या साबणावर ठेवल्यासारखा होतो. डंप मधून फाटण्याऐवजी बूडच बाहेर सरकतं. त्यामुळे डंप टाकायच्या आधी खालची काळी माती काढून घ्यायला हवी, एका दगडात दोन पक्षी, माती पण वाचते आणि पाया पण पक्का होतो. इथे तपासणी रासायनिक नसते, मातीची पकड आणि घर्षण कोन काढतात, कोरड्या आणि भिजलेल्या दोन्ही अवस्थेत. रिपोर्टमध्ये फक्त कोरडा आकडा असेल तर परत पाठवा.

पायथ्याला दगडी टो वॉल (आधार-भिंत), भोवती गारलँड ड्रेन (डंपला वेढणारी नाली) आणि शेवटी गाळ बसायची टाकी हवी. ड्रेन गाळाने भरलेला दिसला तर पावसाळ्याआधी लेखी कळवा. इरईच्या काठच्या ढिगाऱ्यांवरून चंद्रपुरात पुराच्या वेळी जो वाद होतो तो पण याच मुद्द्याभोवती फिरतो, नदीचं पात्र आणि डंपचा पायथा यात अंतर किती.

डंपमधून धूर निघतो, तो कसला?

कोळशाचे तुकडे आणि काळा शेल हवा लागून आपोआप तापतात आणि पेटतात. पावसानंतर, कडेला, जिथे हवा शिरते तिथे जास्त. आत तपमान मोजायला पाइप घालून सेन्सर सोडतात. अशा जागी झाडं लावून उपयोग नाही, आधी तो भाग खणून गार करायचा, मातीने दाबून हवा बंद करायची. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, जवळ जाऊन शेकत बसू नका.

वीज केंद्राची राख खाणीत टाकतात ते चांगलं की वाईट?

दोन्ही बाजू आहेत. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या खाणींना बाहेरच्या डंपमध्ये आणि भरावात वजनाने किमान २५ टक्के राख मिसळायला सांगितलंय. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र खाणींच्या कुशीतच, त्यामुळे आपल्याला हे टळणार नाही. राख बारीक असते, वालुकाश्माच्या मालात मिसळली तर पाणी धरायला मदत होते. पण तिच्यात बोरॉन, आर्सेनिक वगैरे असू शकतं, आणि खड्डा भूजलाला जोडलेला असतो. म्हणून राख भरायच्या आधी तिची लीचिंग टेस्ट (पाण्यात काय काय उतरतं ती) आणि चारी बाजूंना निरीक्षण विहिरी, हे दोन नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, राख नको.

कोणती झाडं लावावीत? वेडी बाभूळ तर आपोआप येतेच.

येते, आणि हिरवंगार दिसतं म्हणून फोटोला बरी. तिच्याखाली दुसरं काही येत नाही, शेळ्यासुद्धा फक्त शेंगा खातात, आणि त्या झुडपात बिबट्या-वाघ बसतात. दुर्गापूर-पद्मापूर बाजूच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

पहिली दोन वर्षं झाड नाही, गवत आणि शेंगवर्गीय. स्टायलो, ताग, ढैंचा, उतारावर खस. त्यांनी नत्र आणि पालापाचोळा जमला की करंज, शिसू, खैर, कडुनिंब, आवळा, सीताफळ, बांबू. दीड-दोन फुटांचा खड्डा, त्यात काळी माती आणि शेणखत, आणि मुळांना बुरशीचं आणि जिवाणूंचं कल्चर, म्हणजे मायकोरायझा नि रायझोबियम. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आणि अशी जिवाणू खतं वापरून जंगल उभं केलं होतं, तीच पद्धत कोळशाच्या ओबीला लागू पडते, फक्त कल्चर तपासणीप्रमाणे निवडायचं, पीएच न बघता रायझोबियम टाकणं म्हणजे पैसे मातीत. किती लाख रोपं लावली हा आकडा मला तरी बिनकामाचा वाटतो. तिसऱ्या वर्षी किती जगली आणि झाडाखाली आपोआप काय उगवलं, ते विचारा.

ओबीतून वाळू काढतात म्हणे?

हो, नागपूर भागात भानेगाव-गोंडेगावला वेकोलिने हे सुरू केलं, वालुकाश्माची ओबी धुऊन-चाळून वाळू, आणि ती घरकुलांना सुद्धा गेली. नदीतली वाळू वाचते, डंप कमी होतो, चांगलंच आहे. धुतलेल्या गाळाचं काय केलं तेवढं बघावं लागतं.

भरलेल्या खाणीवर परत शेती होईल का? आणि जमीन परत मिळेल का?

पहिल्याचं उत्तर, होईल, पण घाईत नाही. भराव काही वर्षं खाली बसत राहतो, आज सपाट केलेल्या वावरात उद्या खळगे पडतात. त्यावर चांगल्या मातीचा जाड थर लागतो. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने पहिल्या दर्जाच्या शेतजमिनीवर खाण केली तर ४८ इंच मुळांच्या खोलीची माती परत घालावी लागते आणि शेजारच्या न खणलेल्या शेताइतकं पीक येऊन दाखवल्याशिवाय कंपनीची अनामत सुटत नाही. आपल्याकडे निकष मुख्यतः हिरवळीचा आहे. उपग्रहावरून सीएमपीडीआय (कोल इंडियाची खाण-नियोजन संस्था) दरवर्षी मोठ्या खाणींचं बघते, किती हिरवं, किती भरलेलं. उपग्रहाला वेडी बाभूळ आणि पऱ्हाटी दोन्ही हिरवंच दिसतं.

दुसऱ्याचं उत्तर कडू आहे. आपल्याकडे बहुतेक जमीन १९५७ च्या कोल बेअरिंग ॲक्टखाली घेतलेली आहे, ती सरकारकडे आणि तिथून कंपनीकडे जाते, मूळ मालकाला परत द्यायचा हक्क त्यात नाही. सातबारावर नाव परत चढेल या आशेवर कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

मग हे सगळं करायला पैसा कुठून येतो?

२००९ च्या खाणबंदी मार्गदर्शक सूचनांपासून कंपनीला एस्क्रो खात्यात (काम दाखवल्याशिवाय काढता न येणारं राखीव खातं) पैसे भरावे लागतात, तेव्हाचा दर खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख, भूमिगतला १ लाख, आणि दरवर्षी वाढ. खात्यावर केंद्र सरकारच्या कोल कंट्रोलरचं लक्ष. काम झाल्याचं दाखवल्यावर पैसे टप्प्याने परत. म्हणून 'काम झालं' हे कशावरून ठरवलं, हा प्रश्न पैशाचा पण आहे.

ही कागदपत्रं कुठे मिळतात आणि नेमकं काय मागायचं?

पर्यावरण मंजुरीचं पत्र केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर, सहामाही अनुपालन अहवाल कंपनीच्या साइटवर असायला हवेत. नसतील तर माहिती अधिकार. अर्जात 'मातीची तपासणी द्या' एवढं मोघम लिहिलं की एक पान येतं, डंपच्या नावाखाली पीएच आणि एनपीकेची (नत्र-स्फुरद-पालाश) एकच ओळ. त्यापेक्षा असं लिहा : नमुना घेतलेल्या जागांचा नकाशा अक्षांश-रेखांशासह, प्रत्येक नमुन्याची खोली आणि दगडाचा प्रकार, २ मिलीमीटरवरील खड्यांची टक्केवारी, गंधक व आम्ल-क्षार हिशोब थरानुसार, काळ्या मातीचा साठा-वापराचा हिशोब घनमीटरमध्ये, आणि डंप स्थिरतेच्या अहवालातले भिजलेल्या अवस्थेचे आकडे.

स्वतः टेस्ट करून घ्यायची तर कुठे?

पीएच, ईसी, एनपीके जिल्हा माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात होतं, चंद्रपूरवाल्यांना सिंदेवाही. पिशवीवर 'शेत' न लिहिता 'खाणीचा ओबी' लिहा, नाहीतर शिफारशीत सोयाबीनला युरिया किती ते येईल. गंधक आणि जड धातूंना मान्यताप्राप्त खासगी लॅब लागते, नागपूरला आहेत. चार गावांनी मिळून नमुने दिले तर खर्च वाटून घेता येतो, आणि नमुने घेताना कंपनीच्या माणसाला सोबत बोलवा, पंचनाम्यावर त्याची पण सही घ्या, मग नंतर 'ही माती आमच्या डंपची नाहीच' असं म्हणायची सोय उरत नाही.